करंट गेल्याची सबब

जे. पी. नगरातल्या आमच्या गल्लीत वीज आठवड्यातून दोनदा जायची. ऑफिसच्या मीटिंगांमध्ये मी ती आणखी दोनदा घालवायचे.

हे आता हसत सांगता येतं. तेव्हा ती माझी ठरलेली व्यवस्था होती. मी घरून काम करते. एखादी इमारत बांधून होण्याआधी आतून कशी दिसेल, ते संगणकावर उभं करायचं आणि मग कॅमेरा फिरवत बघणाऱ्याला दारातून आत न्यायचं, खिडकीपाशी थांबवायचं, जिन्याने वर चढवायचं, असं ते काम. मला ते आवडतं, कारण त्यात माणसं सगळ्यात शेवटी येतात, आणि तीही चित्रातली. या कामाला लॅपटॉप पुरत नाही. माझ्याकडे टेबलाखाली ठेवलेला मोठा डेस्कटॉप आहे, गुडघ्याएवढा उंच आणि दुपारी पायांना गरम वारा देणारा. त्याला बॅटरी नसते. वीज गेली की तो त्याच क्षणी बंद.

माझी अडचण अशी होती की मीटिंगमध्ये प्रत्येकाने आपलं काम स्वतः बोलून दाखवायचं असे. माझ्या आधी दोन जण उरले की माझे तळहात ओले व्हायचे. एक जण उरला की मी पाय लांब करून अंगठ्याने भिंतीवरचं बटण दाबायचे. पडदा काळा. मग फोनवरून निरोप पाठवायचा की वीज गेली, माफ करा, माझं काम फोल्डरमध्ये ठेवलं आहे, कोणीतरी दाखवा. बेंगळुरूत या निरोपावर कोणी प्रश्न विचारत नाही. उलट हळहळतात. बटण मी खरोखर दाबायचे, नुसतं खोटं लिहायचे नाही, यात मला त्यातल्या त्यात प्रामाणिकपणा वाटायचा.

त्या प्रामाणिकपणाची शिक्षाही व्हायची. एकदा घाईत सेव्ह न करता बटण दाबलं आणि माझा आख्खा जिना गेला. सकाळपासून एकेक पायरी बसवलेली. तो पुन्हा बांधायला पुढचा सगळा दिवस लागला, आणि त्याबद्दल कोणाकडे तक्रारही करता येईना.

मी नागपूरची. आमच्याकडे 'लाइन गेली' म्हणतात. इथे घरमालकीणबाई जिन्याखालून 'करंट गेलं' म्हणतात. त्यांना आणि त्यांच्या यजमानांना सगळी गल्ली अक्का आणि अण्णा म्हणते, म्हणून मीही तेच म्हणते. त्यांचं घराणं मराठी, पण इथे इतक्या पिढ्या झाल्या की मूळ गाव कुठलं यावर दोघांचं एकमत नाही. अण्णा एका कारखान्यात यंत्रं दुरुस्त करत निवृत्त झाले. ते खाली राहतात, मी वरच्या दोन खोल्यांत. त्यांच्या इन्व्हर्टरची एक तार माझ्याकडेही आली आहे, पण ती एका दिव्यापुरती आणि पंख्यापुरती. म्हणजे वीज गेली की मला उजेड असायचा, वारा असायचा, फक्त बोलायची सोय नसायची. याहून चांगली योजना मला स्वतःला आखता आली नसती.

मग एका शाळेच्या वाचनालयाचं काम आलं. जुन्या शाळेच्या आवारात नवं वाचनालय बांधायचं होतं, आणि त्याचं आतलं रूप ठरवण्याचं काम पहिल्यांदाच पूर्ण माझ्याकडे दिलं होतं. मी त्यात रमले. मुलांना बसायला खिडकीच्या कट्ट्यावरच रुंद जागा केली. सकाळचं ऊन कोणत्या महिन्यात कोणत्या कपाटापर्यंत येईल तेही काढलं.

ते बघून आमच्या टीमच्या प्रमुख बाईंनी मला एकटीला फोन केला. त्या कन्नड, आमचं बोलणं इंग्रजीत.

"हे छान झालंय," त्या म्हणाल्या. "शाळेच्या विश्वस्तांसमोर तूच दाखवायचंस."

"माझ्याकडे वीज फार जाते," मी म्हणाले.

"माहीत आहे. म्हणून ऑफिसकडून तुला यूपीएस पाठवतेय. बॅटरीचा. करंट गेला तरी संगणक चालू राहील."

माझा अंगठा आपोआप भिंतीवरच्या बटणाकडे गेला.

"ऐक," मग त्या म्हणाल्या, "यापुढचं कामही याच शाळेचं आहे. वर्गखोल्या, प्रयोगशाळा, सगळं. जो उभा राहून वाचनालय दाखवेल त्याच्याकडे ते जाईल. मला ते तुझ्याकडे जायला हवंय. पण तुझ्या वतीने दुसरा कोणी बोलला, तर मी ते त्याच्याकडून काढून तुला देऊ शकणार नाही."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ पडद्यावरच्या त्या खिडकीच्या कट्ट्याकडे बघत बसले. तिथे बसायची जागा दुसरा कोणीतरी पुढे नेणार, कदाचित काढूनही टाकणार, हे मला सहन होईना. आणि विश्वस्तांसमोर बोलणंही सहन होण्यासारखं नव्हतं. यूपीएस म्हणजे माझ्या दृष्टीने मागचं दार विटा लावून बंद करणं होतं.

तो आला तेव्हा अण्णा खोक्याच्या आधी वर पोचले होते. निवृत्त माणसाच्या हाती नवीन यंत्र लागलं की तो कसा होतो, ते मी त्या दिवशी पाहिलं. त्यांनी आधी पुस्तिका वाचली, मग चष्मा पुसून पुन्हा वाचली.

"बघ पुट्टी," ते म्हणाले. पुट्टी म्हणजे कन्नडमध्ये लहान मुलगी. मी सव्वीस वर्षांची आहे. "पाठीमागे चार भोकं आहेत. तीन बॅटरीची. चौथं नुसतं झटक्यापासून वाचवणारं. त्याच्यात बॅटरी नाही. करंट गेलं की ते चौथं मेलं. कळलं की?"

"कळलं."

"काय कळलं, सांग."

मी सांगितलं. त्यांनी तरीही खडूने तीन भोकांशी गोल काढले आणि चौथ्याशी फुली मारली. संगणक, पडदा आणि इंटरनेटचा राउटर तीन गोलांत गेले. मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरलं, मला माझं सगळ्यात जड काम उघडायला सांगितलं, आणि घराचा मेन स्विच पाडायला खाली गेले. खालून अक्कांचा आवाज आला, "अय्यो, मिक्सर चालू होता माझा. सांगायचं तरी."

यूपीएस दर काही सेकंदांनी बीप करत राहिला. संगणक चालू होता. माझी सबब डोळ्यांदेखत संपत होती आणि अण्णा खुशीत होते.

"अठरा मिनिटं," शेवटी ते म्हणाले. "अठरा मिनिटांत माणूस काय वाटेल ते बोलू शकतो."

विश्वस्तांची मीटिंग दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला ठरली. मी बोलायचं ते कागदावर लिहून काढलं, आणि बाथरूममध्ये नळ सोडून मोठ्याने म्हणून पाहिलं.

तेवढ्यात खंडेनवमी आली. नागपूरला आमच्या घरी त्या दिवशी वह्या-पुस्तकं, बाबांची स्कूटर आणि आईची कात्री पूजेला असायची. इथे आयुधपूजेला रिक्षा, बस, दुकानातलं वजन, लेथ मशीन, सगळ्यांना झेंडू आणि कुंकू. अण्णांच्या स्कूटरच्या चाकाखाली लिंबू ठेवून झालं, तिच्यावरून एक फेरी मारून झाली, आणि अक्का तबक घेऊन वर आल्या.

"ऊट आयता? जेवलीस?" त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं आणि उत्तराची वाट न बघता टेबलाखाली वाकल्या. "हे काय, किती धूळ. पोट ज्याच्यावर चालतं त्याला असं ठेवतात की?"

"मी पुसते, अक्का."

"तू बस. सरी, ठीक आहे. ओलं फडकं दे फक्त."

त्यांनी सगळे प्लग काढले. संगणक पुसला, पडदा पुसला, यूपीएस पुढून, मागून, खालून पुसला. मग सगळं पाटावर मांडून, कुंकवाची बोटं उठवून, झेंडूची माळ घातली. शिवाय त्यांच्याकडे दिव्यांची एक लाल-हिरवी माळ होती, ती यूपीएसभोवती तीन वेढे देऊन बसवली. आता हे सगळं दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही, असा त्यांचा नियम होता. पूजेला बसलेल्या हत्याराला काम सांगायचं नाही, आणि दसऱ्याला घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने ते पहिल्यांदा सुरू करायचं. माझ्या घरातलं वडीलधारं माणूस नागपुरात, म्हणून ते काम अक्कांनी स्वतःकडे घेतलं.

दसऱ्याला त्यांनी ते हौसेने केलं. एकेक प्लग उचलून, त्याला हळद लावून, भोकात घातला. दिव्यांची माळही त्यातच लावली. बटण दाबलं, संगणक सुरू झाला, माळ लुकलुकली. अक्कांनी त्याला हात जोडले.

मी मागे उभी होते. भोकं चार, आणि वस्तू आता चार झाल्या होत्या, हे मला दिसलं. पुसताना खडूच्या खुणा गेल्या आहेत, हेही दिसलं. चौथ्या भोकात काय गेलं, ते बघायला मी वाकायला हवं होतं, किंवा निदान विचारायला हवं होतं. पण अक्का इतक्या समाधानाने उभ्या होत्या की त्यांच्या पाठीमागे प्लग तपासणं मला उद्धटपणाचं वाटलं. त्या गेल्यावर बघू म्हटलं. त्या जाताना आपट्याची पानं आणि कोडबळ्यांचा डबा देऊन गेल्या, आणि ते खाता खाता मी विसरले.

दुसऱ्या दिवशी अकराला पाच मिनिटं होती तेव्हा मीटिंगमध्ये माझ्याशिवाय सात चौकोन होते. त्यांतल्या तिघांत शाळेचे विश्वस्त. एक पांढऱ्या केसांच्या बाई कॅमेऱ्याच्या फार जवळ बसल्या होत्या, त्यामुळे त्यांचं फक्त कपाळ आणि चष्मा दिसत होता. प्रमुख बाईंनी माझी ओळख करून दिली. माझा कागद हातात होता. मी तोंड उघडलं आणि संगणक बंद पडला.

पायाचा अंगठा बटणापासून लांब होता. मी खात्री करून घेतली.

यूपीएस बीप करत होता. राउटरचे हिरवे दिवे चालू. पडदाही चालू होता आणि मला सांगत होता की त्याला कुठूनही चित्र मिळत नाही. आणि टेबलाखाली लाल-हिरवी माळ अगदी निवांत लुकलुकत होती. अण्णांच्या अठरा मिनिटांच्या बॅटरीवर अक्कांची रोषणाई चालली होती. संगणक चौथ्या भोकात होता.

मी फोन उचलला. निरोप माझ्या बोटांना पाठ होता, तो आपोआप लिहून झाला. वीज गेली, माफ करा, कोणीतरी दाखवा. या वेळी त्यातला शब्दन् शब्द खरा होता. पाठवायचं तेवढं राहिलं होतं.

मग मला जाणवलं की हा निरोप खरा आहे, हे त्या टीममधल्या एकाही माणसाला कळायला मार्ग नाही. मी तो इतक्या वेळा वापरला होता की खरा आणि खोटा दिसायला हुबेहूब एकच. आणि दुसरं असं की शाळेच्या त्या चौकोनांसमोर माझ्याऐवजी बोलायला आमचा एक सहकारी तयारच होता. त्याने घसाही खाकरला असेल.

जिन्याखालून हाक आली, "करंट गेलं की गं? तुझं चाललंय ना?"

"नाही चाललं," मी म्हणाले. माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "अक्का, अण्णांना वर पाठवा. प्लग चुकलाय."

मी निरोप खोडला आणि फोनवरूनच मीटिंगमध्ये पुन्हा शिरले. राउटर जिवंत असल्यामुळे ते जमलं. अण्णा दोन-दोन पायऱ्या चढून आले, मागून अक्का. अण्णा टेबलाखाली शिरले.

"ही माळ कोणी लावली इथे?"

"मी लावली," अक्का म्हणाल्या. "पूजा आहे. काय झालं त्याला?"

"बॅटरीच्या भोकात लावलीस."

"मग कुठे लावू? तुझ्या डोक्यात?"

"अक्का, अण्णा," मी म्हणाले, "स्वल्प शांत. मी मीटिंगमध्ये आहे."

दोघं गप्प झाले. तीन वर्षांत मी त्यांना गप्प करायची ही पहिलीच वेळ असावी. माझा माइक चालू होता. तिथे मराठी कोणाला कळत नसेल अशी आशा मी केली, आणि इंग्रजीत म्हणाले, "माझ्याकडे वीज गेली आहे. संगणक आत्ता बॅटरीवर सुरू होतोय. चित्र यायला पाच-सहा मिनिटं लागतील."

"थांबू या का?" प्रमुख बाईंनी विचारलं.

थांबले असते तर पाच मिनिटं सात माणसं माझ्याकडे बघत बसली असती. आणि अठरा मिनिटांतली पाच गेली असती.

"नको," मी म्हणाले. "चित्र येईपर्यंत तोंडी सांगते."

कागद टेबलावर होता, पण त्यावर सगळं चित्राकडे बोट दाखवून लिहिलेलं. 'इथे पाहा', 'हे पाहा'. त्याचा काही उपयोग नव्हता. म्हणून मी दारापासून सुरुवात केली. दार ढकलल्यावर पहिल्यांदा काय दिसेल, ते सांगितलं. उजव्या हाताला लहान मुलांची कपाटं, त्यांची वरची फळी चौथीतल्या मुलीचा हात पोचेल एवढीच उंच. खिडकीचा कट्टा किती रुंद, आणि तो रुंद का, तर मी शाळेत असताना मधल्या सुट्टीत वाचनालयात जाऊन बसायचे आणि तिथे खुर्च्या भिंतीपासून लांब, सगळ्यांच्या मधोमध होत्या. पाठीला काही टेकायला नसे. हे मी कागदावर लिहिलं नव्हतं. आईलाही सांगितलं नव्हतं.

मध्ये बीप वाजत होताच.

"तो कसला आवाज आहे?" चष्म्याच्या बाईंनी विचारलं.

"माझी बॅटरी," मी म्हणाले. "माझ्याकडे किती वेळ उरलाय ते सांगतेय."

कोणीतरी हसलं. मग आणखी दोघं. मलाही हसू आलं. त्या बाई म्हणाल्या, "आमच्या शाळेतही अशी घंटा हवी. भाषणाच्या दिवशी."

अण्णांनी टेबलाखालून अंगठा वर केला. माझं काम उघडलं. मी पडदा मीटिंगमध्ये दाखवला आणि कॅमेरा दारातून आत नेला. आता सगळं लोकांना आधीच माहीत होतं, त्यामुळे ते स्वतःच ओळखू लागले. हाच तो कट्टा. हीच ती फळी. चष्म्याच्या बाईंनी विचारलं की डिसेंबरमध्ये ऊन कुठपर्यंत येतं. मी महिना बदलला आणि ऊन जमिनीवरून सरकवून दाखवलं. अण्णा मनगट वर धरून बोटांनी मिनिटं दाखवत होते. अक्का पलंगाच्या कडेला, काढलेली माळ मांडीत घेऊन, पडद्याकडे बघत बसल्या होत्या. त्या कुजबुजल्या, "हे खरं आहे की?" अण्णांनी तोंडावर बोट ठेवलं.

बीप जलद झाला तेव्हा मी जिन्यावर होते. मी म्हणाले, "वर एक छोटी खोली आहे, ती तुम्ही बांधून झाल्यावर बघा," आणि संगणक नीट बंद केला. सेव्ह करून.

चष्म्याच्या बाई कॅमेऱ्यापासून मागे झाल्या. तेव्हा त्यांचा पूर्ण चेहरा पहिल्यांदा दिसला. "वर्गखोल्यांसाठीही हिलाच पाठवा," त्या म्हणाल्या.

अक्कांना मी ते मराठीत सांगितलं. त्यांनी माळ बाजूला ठेवली आणि मला काही न विचारता खाली जाऊन कॉफी टाकली. जिन्यात दोघांचं भांडण राहिलं होतं तिथून पुढे सुरू झालं.

थोड्या वेळाने प्रमुख बाईंचा फोन आला. मी ठरवलं होतं की आज हे बोलायचंच.

"मला एक सांगायचंय," मी म्हणाले. "आज वीज खरंच गेली होती. पण आधी बऱ्याचदा..."

"आज माझ्याकडेही गेली," त्या म्हणाल्या. "अजून आलेली नाही. आपला ट्रान्सफॉर्मर एकच आहे. तुझ्या घरामागचं पार्क आहे ना, त्याच्या पलीकडे राहते मी."

मी मागच्या खिडकीतून त्या पार्ककडे बघितलं.

"आधी तुझ्याकडे जायची तेव्हा माझ्या स्वयंपाकघरात मिक्सर चालू असायचा," त्या म्हणाल्या.

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"तूही कधी विचारलं नाहीस, मी कुठे राहते ते."

ते खरं होतं. तीन वर्षांत मी त्यांना कामाबाहेरचा एकही प्रश्न विचारला नव्हता. मग मी घर नंबर विचारला. त्यांनी सांगितला, आणि म्हणाल्या की संध्याकाळी मोकळी असशील तर ये, वर्गखोल्यांचे नकाशे कागदावरच बघू, त्याला करंट लागत नाही.

संध्याकाळी मी पार्क ओलांडून गेले. अक्कांनी कोडबळी बांधून दिली होती. वीज त्या भागात अजून आलेली नव्हती. दारावरची बेल दोनदा दाबली, ती वाजली नाही. म्हणून मी दार वाजवलं, आणि मी आले आहे, असं जरा मोठ्याने सांगितलं.